भानावर असल्याचा जबाब

२ मार्च

चि. धाकट्या,

उदंड आयुष्य. आधी सगळ्यांची विचारपूस करते, मग भांडते.

तुझे गुडघे कसे आहेत? पायरी उतरताना कठडा धरतोस ना, की अजून मीच तरुण म्हणतोस? डावा कान तर गेलाच, उजव्याचं काय म्हणणं आहे? चिमीने रक्तदाब तपासून घेतला का? बँकेतल्या खुर्चीवर बसून बसून पोरगी पाठ धरून बसणार आहे, मी आत्ताच सांगून ठेवते. जावईबापूंची बदली झाली की टळली? नातीचे पुढचे दात आले का, की अजून हसली की खिडकी उघडी? आणि यापुढे सवयीने आणखी एक नाव लिहायला हात गेला, मग लक्षात आलं की तिची तब्येत आता विचारायची नसते. वर्ष उलटलं, तरी हाताला शिकवता येत नाही.

इकडे मी बरी आहे. ह्यांचा खोकलाही बरा आहे, म्हणजे खोकल्याची तब्येत उत्तम, ह्यांचीच तेवढी बरी नाही.

आता भांडण. फोनवर तुला काही ऐकू येत नाही म्हणून लिहिते. काल चिमीचा फोन आला. आधी नुसती रडत होती. मला वाटलं तू गेलास. मग कळलं की तुझ्या दारात पोलीस आला होता. आणि कशासाठी, तर तू दिवसाढवळ्या परसात खुर्ची टाकून बसतोस आणि अंगावर सूत नसतं!

"आत्या, मी बँकेत तोंड कसं दाखवू?" म्हणाली.

"तुझं तोंड ठीकच आहे गं," मी म्हटलं, "लोकांना त्याचं काय दिसलं ते सांग."

तेव्हा हसली, आणि परत रडली.

अरे, माझी शाळा चौथीत सुटली. कोर्टाच्या व्हरांड्यात टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप करण्यात जन्म गेला, आणि जो काही कायदा कळला तो बोटांतून वर चढला. चोऱ्या, मारामाऱ्या, नवराबायकोची भांडणं, सगळं टाइप केलं. सख्ख्या भावाचं हे असलं काही टाइप करायची पाळी येईल असं कधी वाटलं नव्हतं. खरं काय ते लिही. रागावणार नाही. रागावले तरी तुला ऐकू येणार नाही.

पत्र मिळताच उत्तर टाक.

तुझी अक्का

९ मार्च

ती. अक्का,

नमस्कार. गुडघे आहेत तसेच आहेत. कानही तसाच. नातीचे दात आले. बदली टळली.

चिमीने सांगितलं ते खरं आहे. दुपारी जेवण झालं की मी परसात बसतो. कपडे काढून बसतो. ऊन असतं. ऊन भिंतीवर गेलं की आत येतो आणि कपडे घालतो. बाकी काही करत नाही.

परसाची भिंत माझ्या डोक्याहून उंच आहे, रस्त्यावरून काही दिसत नाही. पण शेजारच्या चष्मेवाल्याने दुकानावर एक खोली चढवली आहे. तिची खिडकी आपल्या बाजूला उघडते. तो खिडकीतून ओरडला, "आमच्या घरातल्या बायकांनी खिडकी उघडायची की नाही?" त्याचं चूक नाही. खिडकी त्याची आहे.

पोलीस म्हणजे नुकताच लागलेला पोरगा होता. त्याने माझ्या उजव्या कानाशी येऊन विचारलं, "आजोबा, घर कुणाचं?"

"माझं."

"भिंत?"

"माझी."

"नजर मात्र चष्मेवाल्यांची आहे. ती तुमच्या भिंतीच्या आत येते, आणि भांडण तिथंच आहे."

मग म्हणाला, "तुम्ही सगळ्या बाजाराला दुकानांपुढची कापडी छपरं शिवून दिलीत म्हणे. एक स्वतःला शिवा की, प्रकरण मिटलं." मी म्हटलं, छप्पर टाकलं तर ऊन येणार नाही. कागद देऊन गेला. महिनाभरात लेखी उत्तर द्यायचं आहे.

चिमीने तिच्याकडची एक खोली रिकामी केली आहे. म्हणाली, "बाबा, पुरे आता, माझ्याकडे चला." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण मला हे घर सोडायचं नाही. एवढी एकच गोष्ट आहे जी मला नको आहे. बाकीचं काही झालं तरी चालेल.

लाज वाटत नाही का, असं चिमीने विचारलं. नाही वाटत. दुसरंही काही वाटत नाही.

धाकटा

१४ मार्च

चि. धाकट्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू अर्जापेक्षाही कोरडं लिहितोस रे! असो.

ज्यांच्यासाठी जन्मभर टाइप केलं त्या म्हाताऱ्या वकीलसाहेबांना गाठलं. आधी पोट धरून हसले, मग चष्मा पुसून म्हणाले, "बाई, आपल्या घरात माणूस कसाही राहो, कायदा खिडकीतून डोकावत नाही. भिंत आहे, रस्त्यावरून दिसत नाही, ही तुमच्या भावाची बाजू. पण शेजाऱ्याला दिसतंय हे ठाऊक असून मुद्दाम बसला, तर गुन्हा. सगळं घोडं त्या मुद्दामवर अडलंय."

मग काय, मी ते मुद्दाम काढूनच टाकलं. सोबत उत्तर टाइप करून पाठवते आहे. खाली पेन्सिलीने फुली केली आहे, तिथं सही कर. त्यातलं एक वाक्य तुला खटकेल, म्हणून आधीच सांगते: "जबाब देणारा वयोवृद्ध असून पत्नीवियोगामुळे त्याचे भान राहत नाही व आपण काय करीत आहोत हे त्यास उमगत नाही." हे वाचून नाक फुगवू नकोस. असं लिहायचीच पद्धत आहे. असं वाक्य मी शेकड्यांनी टाइप केलंय. ज्यांच्यासाठी केलं ते सगळे टुणटुणीत शहाणे होते, आणि ते वाचून भलेभले साहेब लोण्यासारखे विरघळले. कागदावर जरा वेडं झालं की माणूस सुटतो. त्यात आपलं काय जातं?

सही कर, नेऊन दे, आणि कृपा करून सदरा घाल. आणि त्या चष्मेवाल्याला माझा निरोप दे, म्हणावं एवढा त्रास होत होता तर चष्मा काढून बघायचं होतंस.

काय झालं ते लगेच कळव. जीव टांगणीला लागलाय.

अक्का

३० मार्च

ती. अक्का,

सही केली. कागद पोलीस ठाण्यात नेऊन दिला. साहेबांनी वाचला, माझ्याकडे बघितलं, परत वाचला. मला बसायला खुर्ची दिली आणि चहा दिला. तक्रार मिटली. चष्मेवाला आता मला बघून हळूच हसतो, लहान मुलाकडे बघून हसतात तसं.

मी परसात जात नाही. सगळी बटणं लावून आत बसतो.

चिमीने त्या उत्तराची नक्कल मागून घेतली. परवा चहा करताना उकळतं पाणी पायावर सांडलं. मला कळलं नाही. संध्याकाळी चिमी आली तेव्हा तिने फोड बघितला आणि किंचाळली. ती किंचाळली तेही उशिरा कळलं. तिचं तोंड उघडं दिसलं.

आता ती मला डॉक्टरांकडे नेणार आहे. मग कोर्टात अर्ज करणार आहे, की बाबांना स्वतःचं बघता येत नाही, त्यांचा आणि घराचा कारभार मुलीकडे द्यावा. घर भाड्याने द्यायचं म्हणते. अर्जाला तुझा कागद जोडणार आहे. त्यात मीच सही करून लिहून दिलं आहे की मला भान नसतं, त्यामुळे फार वेळ लागणार नाही असं तिचा वकील म्हणाला. मी बरं म्हणालो.

भावोजींचा खोकला कसा आहे?

धाकटा

४ एप्रिल

चि. धाकट्या,

तुझं पत्र वाचून मी कपाळाला हात लावला तो खाली आलाच नाही. अरे, माझ्या हातून हे काय होऊन बसलं! मी तुला पोलिसाकडून सोडवायला गेले आणि घराबाहेर काढायचा कागद तुझ्याच सहीने तयार करून दिला. सवयीने टाइप केलं रे. बोटांना ते वाक्य पाठ होतं, पुढे त्याचा काय अर्थ निघेल ते मी बघितलंच नाही.

लगेच चिमीला फोन लावला.

"चिमे, हे काय चालवलंयस?"

"आत्या, तुम्हीच लिहिलंय ना त्यांना उमगत नाही म्हणून?"

"अगं, ती लिहायची पद्धत असते!"

"पायावर उकळतं पाणी पडलं तरी न कळणं ही पण पद्धत असते का?"

मग पोरगी हळूच म्हणाली, "मला घर नकोय हो. एक दिवस दार उघडलं आणि ते जळून पडलेले दिसले तर मी काय करू?" तिच्यावर मला रागावता येत नाही. तूही रागावू नकोस.

वकीलसाहेबांना परत विचारलं. ते म्हणतात, वाट एकच आहे. पहिला जबाब खोटा होता, मी पूर्ण भानावर होतो, असा नवा जबाब द्यायचा. पण तो दिला की मुद्दाम परत आत येतं, आणि मिटलेली तक्रार पुन्हा उघडते. म्हणजे शहाणा ठरलास तर गुन्हेगार, आणि निर्दोष राहिलास तर वेडा. मधे बसायला जागाच नाही.

म्हणून आता मला खरं सांग. टाइप करायला नको, नुसतं मला सांग. ऊन बरं वाटतं हे सांगू नकोस. ऊन कपड्यांवरूनही लागतं. का बसत होतास?

कितीही वाईट असलं तरी लिही. मी वाट बघते आहे.

अक्का

१२ एप्रिल

ती. अक्का,

विचारलंस म्हणून लिहितो.

शेवटी शेवटी तिला उठता येत नव्हतं हे तुला माहीत आहे. चाकाची खुर्ची न्हाणीघराच्या दारातून आत जात नसे. म्हणून मी तिला परसात आंघोळ घालत असे, दुपारी, ऊन असताना. तेव्हा चष्मेवाल्याची खोली नव्हती. बाई ठेवू का म्हणून विचारलं होतं. नको म्हणाली. चिमीलाही सांगायचं नाही म्हणाली. लेकीने मला असं बघायला नको, म्हणाली.

पहिल्या दिवशी मी तिचे कपडे काढले तेव्हा तिने दोन्ही हातांनी स्वतःला झाकायचा प्रयत्न केला. एक हात उचलत नव्हता. मग तिने डोळे मिटून घेतले. रडली नाही, पण मान अशी फिरवली की मला पाणी ओतता येईना. उघड्यावर मी अशी, आणि तुम्ही सदऱ्यात, साहेबासारखे, असं म्हणाली.

मग मीही सगळे कपडे काढले आणि दोरीवर टाकले. तिने एक डोळा उघडून बघितलं. म्हणाली, "शोभत नाही हो तुम्हाला." मी म्हटलं, "तुला तरी कुठं शोभतंय?" खूप हसली. इतकी हसली की खुर्ची हलली. त्यानंतर रोज तसंच. आंघोळ झाली की दोघं तसेच उन्हात बसायचो, अंग सुकेपर्यंत. ती बोलायची. कान तेव्हा बरा होता.

ती गेल्यावर दुपारी त्या वेळेला मी बाहेर जायचो. कपडे घालून बसून बघितलं. नुसती भिंत दिसली. काढून बसलो तर तिथं बसल्यासारखं वाटायचं. आनंद नाही, दुःखही नाही. पण बसल्यासारखं. घरात दुसरीकडे कुठंच तसं होत नाही. खोली झाली, खिडकी झाली, ते मला दिसलं होतं. त्यातून कुणी बघेल असा विचार केला नाही. कसलाच विचार करत नव्हतो.

तर ते असं आहे. भान होतं. दोरीवर कपडे नीट घडी करून टाकत होतो.

आता काय करू ते कळव.

धाकटा

१८ एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र वाचलं आणि काहीच केलं नाही. उठले, भांडी घासली, घासलेली परत घासली. ह्यांनी विचारलं काय लिहिलंय, मी म्हटलं, बरा आहे.

काय करावंस ते मी सांगणार नाही. मी सांगितलं त्याचं काय झालं ते दिसलंच. फक्त समोर काय आहे ते मांडते. नवा जबाब दिलास तर तुला न्यायाधीशांपुढे उभं राहावं लागेल. दंड होईल, नावापुढे गुन्हा लागेल, चारचौघांत हसं होईल. आणि हे सगळं तुझ्या तोंडून, चिमीच्या देखत सांगावं लागेल, कारण ते सांगितल्याशिवाय भान होतं हे कुणाला पटणार नाही. चिमीच्या आईला दिलेला शब्द मोडावा लागेल. नाही दिलास तर चिमीकडे खोली आहे, गरम जेवण आहे, पोरगी जीव लावणारी आहे. तिकडे गेलास तरी माझ्या लेखी तू शहाणाच.

जबाब द्यायचा ठरवलंस तर मी टाइप करणार नाही. हाताने लिही. जसं मला लिहिलंस तसं. माझी बोटं मधे आली की परत काहीतरी पद्धतीचं होईल.

जे ठरवशील ते कळव. जे झालं तेही कळव. रोज पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसते आहे.

अक्का

६ मे

ती. अक्का,

इतके दिवस लिहिलं नाही. जबाब हाताने लिहून दिला, तारीख काल होती. आता झालं.

न्यायाधीश बाई होत्या, चिमीच्या वयाच्या. तक्रार आणि चिमीचा अर्ज दोन्ही समोर होते. एका बाजूला चष्मेवाला, एका बाजूला चिमी आणि तिचा वकील. मला ऐकू येत नाही म्हणून पुढे बोलावलं.

"आजोबा, तुम्हाला भान नव्हतं असं पहिल्या जबाबात आहे."

"ते माझ्या बहिणीने मायेने लिहिलंय. भान होतं."

"समोर खिडकी आहे हे माहीत होतं?"

"होतं."

"हे कबूल केलंत तर दंड होईल, हे कुणी सांगितलंय?"

"बहिणीनेच सांगितलंय."

त्या जरा हसल्या. मग विचारलं, "मग का बसत होता?"

मी सांगितलं. जसं तुला लिहिलं तसंच, दोरीवरच्या कपड्यांसकट. मला माझा आवाज किती मोठा होतो ते कळत नाही. मधे कारकून हाताने खाली, खाली अशी खूण करत होता. मला वाटलं बसायला सांगतो आहे. मी बसलो आणि बसूनच बोललो. नंतर कळलं, व्हरांड्यात उभी असलेली माणसंसुद्धा दाराशी येऊन ऐकत होती.

बाईंनी निकाल लगेच दिला. घराच्या आत माणूस कसा राहतो याच्याशी कोर्टाला घेणं नाही, पण शेजाऱ्याला दिसतं हे माहीत असताना उघड्यावर बसणं चूक. थोडा दंड आणि ताकीद. मग चिमीला काही विचारलं. चिमी उभी राहिली. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, तिचे ओठ नीट हलत नव्हते. नंतर कारकुनाने कागदावर लिहून दाखवलं, अर्ज मागे घेतला.

बाहेर चिमी माझ्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाबा, मी दर रविवारी येत होते. मला कसं कळलं नाही?"

मी म्हटलं, "तुला कळू नये म्हणून आम्ही रविवारी लवकर उरकायचो."

तिने मला घरी सोडलं. माझी बॅग तिच्या गाडीत होती, ती काढून आत आणून ठेवली. शेगडीजवळचं भांडं उचललं, परत ठेवलं. मग दोन पातेली पाणी मी तिच्यासमोर उकळून दाखवलं, तेव्हा गेली. रोज येणार आहे. येऊ दे. घर माझ्याकडेच आहे.

चष्मेवाल्याने खिडकी बंद ठेवली आहे. त्याला काय वाटलं माहीत नाही. त्याचीच बाजू बरोबर ठरली, पण जाताना तो हसला नाही.

परसात अजून गेलो नाही. जाईन तेव्हा सदरा घालून जावं लागेल. तसं बसता येतं का ते बघू.

एक सांगायचं आहे, ते तुलाच सांगतो. कोर्टात माझं बोलून झालं तेव्हा मान वर केली. सगळी खोली माझ्याकडे बघत होती. दाराशी अनोळखी माणसं. चिमी रडत होती. तिच्या आईला मी कशी आंघोळ घातली ते मी सगळ्यांना ओरडून सांगितलं होतं. आणि अक्का, मला लाज वाटली. अशी वाटली की कुठं तोंड लपवू. कान तापला. मी हात लावून बघितला, खरंच तापला होता. परसात बसलो तेव्हा कधी वाटली नव्हती. चष्मेवाला ओरडला तेव्हा नाही, पोलीस आला तेव्हा नाही. ती गेल्यापासून काहीच वाटलं नव्हतं. पहिली आली ती लाज.

चिमी गेल्यावर खुर्चीवरून हललो नाही, लाज जाऊ नये म्हणून. संध्याकाळपर्यंत गेली. आज सकाळी दाढी करताना परत थोडी आली.

तू हसली असशील तर कळव. रडली असशील तरी कळव. लवकर लिही, मी वाट बघतो.

तुझा
धाकटा